गल्लीच्या तोंडची फळी

माझ्या माहेरी पाणी एकाच बाजूला जायचं, उताराला. दुसरीकडं कुठं जाऊ शकतं हे मला लग्न होईपर्यंत माहीतच नव्हतं. मराठवाड्यात आमचं गाव, दगडाचं, तिथं पाऊस आला की माझा बाप कुदळ घेऊन बांधाकडं पळायचा आणि आम्ही बहिणी टोपल्यात चिकणमाती घेऊन त्याच्या मागं. बांधाला कुठं भगदाड पडलं असलं की तिथं माती थापायची, टाचेनं तुडवायची, परत थापायची. थेंब जाऊ द्यायचा नाही. शाळेच्या भिंतीवर पण मोठ्या अक्षरात तेच लिहिलेलं, पाणी अडवा. मी सातवीपर्यंत शिकले, बाकीचं काय राहिलं डोक्यात ते सांगता येत नाही, पण हे राहिलं. डोक्यात नाही, हातात राहिलं.

आणि लग्न होऊन मी आले ती मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला. आमची खोली गल्लीतली शेवटची. शेवटची म्हणजे सगळ्यात खालची, कारण गल्ली हळूहळू उतरत येते आणि आमच्या दारापुढं एका भिंतीला जाऊन थांबते. भिंतीपलीकडं मोठा नाला, नाल्यापलीकडं तिवरांचं रान, आणि तिवरांपलीकडं खाडी. तिवर म्हणजे ती चिखलात उभी राहणारी झाडं, मुळं वर काढून. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं कोणीतरी उलटी लावलीत.

नवी नवरी होते, दाराशी भांडी घासत होते, ऊन लख्ख पडलेलं. भिंतीला खाली एक चौकोनी तोंड ठेवलंय, गल्लीच्या गटाराचं पाणी नाल्यात जायला. त्यातून नाला दिसायचा. नाल्यात एक निळी चप्पल. ती चप्पल मी मघाशी खाडीकडं वाहत जाताना बघितली होती, आणि आता तीच चप्पल परत येत होती. पाऊस नाही, ढग नाही, आणि नाला उलटा. मी भांडी तशीच टाकून आत पळाले.

"आत्या! नाला उलटा चाललाय!"

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या डाळ निवडत होत्या, मान पण वर केली नाही.

"चालू दे. त्याचं घर आहे, येतो-जातो."

"अहो पण उलटा!"

"भरती आहे गं ती. समुद्र आत येतो आणि परत जातो. मी आले तेव्हा मलापण असंच झालेलं, मी तर दार लावून बसले होते." मग हसल्या. "माहेरी आड आटला म्हणून रडायची, इथं पाणी आलं म्हणून रडते. तुला नक्की पाहिजे काय?"

मला काय पाहिजे ते मला कळत होतं. जिथं पाणी आपल्या मर्जीनं माघारी फिरत नाही तिथं राहायचं होतं.

भिंतीच्या त्या तोंडाला दोन्ही बाजूंनी दगडात खाच आहे. त्या खाचेत एक जाड लाकडाची फळी वरून सरकवायची, बस्स, तेच आमच्या गल्लीचं दार. फळीला वर लोखंडी कडी, कडीला दोरी. भरती आली की फळी घालायची म्हणजे नाला गल्लीत घुसत नाही, ओहोटी लागली की फळी काढायची म्हणजे गल्लीतलं साठलेलं बाहेर जातं. किती वर्षं चाललंय कोणाला माहीत. आणि हे सगळं बघायची मावशी.

मावशी म्हणजे शेजारच्या गल्लीतली कोळीण. जन्मली खाडीवर, लग्न पण खाडीवरच, आता नवरा नाही, सुना वेगळ्या राहतात, ती एकटी. स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकते, पावसाळ्यात सुकी. मी तिला पहिल्यांदा "मावशी, तुम्ही" म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्ही-बिम्ही नको बोलू गो, म्हातारी झाल्यासारी वाटते." तेव्हापासून तूच.

ती कॅलेंडर बघायची नाही. चंद्र बघायची. पुनवेला आणि अवसेला, आणि त्याच्या आगंमागं, भरती मोठी. तिला उधाण म्हणते ती. आणि त्या दिवसांत मोठं पाणी बरोबर जेवणाच्या टायमाला येतं, मग रात्री परत एकदा. मला गंमत वाटायची, कारण पौर्णिमा आमच्या घरात पण मोजलेली असते. आम्ही बौद्ध, पौर्णिमेला विहारात वंदना असते, आत्या पांढरी साडी नेसून जातात, गल्लीच्या वरच्या टोकाला विहार आहे, पायऱ्या चढून. म्हणजे जो आमच्या वंदनेचा दिवस तोच तिच्या उधाणाचा. मावशी आत्यांना चिडवायची, "तुमची पांढरी साडी दिसली की मला समजतंय, आज फळी."

मला दिवस गेले तेव्हा हिवाळ्यात एकदा मावशी मला तिवरांतून नाल्याच्या तोंडापर्यंत घेऊन गेली. आत्यांनी पाठवलं, म्हणाल्या चालणं चांगलं असतं. ओहोटी होती. जिथं नाला खाडीला मिळतो तिथं पाणी खाली गेलेलं आणि चिखल उघडा पडलेला, चकचकीत, आणि त्या चिखलावर पाण्याच्या धारा कोंबडीच्या पायासारख्या फाकलेल्या. मधे एक जाड बोट, दोन बाजूला बारीक बोटं.

"हे दरसाल बदलतंय," मावशी म्हणाली. "गेल्या पावसाआधी मोठी धार त्या अंगाला होती. आता मधनं. डोंगरावरून माती येते, इमारती फोडलेला राडा येतो, सगळा इथं येऊन बसतंय. बसला की धार दुसरीकडून वाट काढते. माझ्या सासूच्या वक्ताला इथं होडी लागायची. आता होडी आणली तर चिखलात रुतंल आणि तू ढकलशील का पोट घेऊन?"

"मग हा चिखल काढून टाकत का नाहीत?"

"काढतात की. परत येतंय. आणि सगळा काढून चालत पन नाय गो, तिवर कशावर उभी राहनार? तिवर हाय म्हनून खाडी तुझ्या दारात नाचत नाय. लाट येते ती ह्यांच्या मुळात अडकून थकते." तिनं एका झाडावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

मी ऐकत होते पण मला एकच गोष्ट ऐकू आली. इथं तळ पण जागेवर राहत नाही. आणि अशा जागी माझं लेकरू येणार.

मुलगी झाली. मला जी भीती आधी होती ती तिच्यासारखीच वाढायला लागली, रोज थोडी थोडी. रात्री उठून फरशीला हात लावून बघायचे ओली आहे का. झोळी मी माळ्याच्या लोखंडाला बांधली, जितकी उंच बांधता येईल तितकी, नवरा म्हणाला अगं तिला बघायला स्टूल लागेल. तो बीकेसीत एका ऑफिसात साफसफाईच्या कामाला, सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. एका रात्री मी त्याला सांगितलं, मी जाते गावी, पोरीला घेऊन, परत नाही येणार, तू महिन्याला येत जा. मला वाटलं भांडेल. त्यानं पोरीकडं बघितलं, मग म्हणाला, "तुला इतकी भीती वाटते तर जा. पोरगी महत्त्वाची." त्याचा आवाज असा झाला की मी तोंड फिरवून घेतलं. अडवलं असतं तर सोपं गेलं असतं.

ठरलं. आषाढी पौर्णिमा झाली की माझा भाऊ न्यायला येणार. बॅग भरून माळ्यावर ठेवली.

आणि त्याच पौर्णिमेला ते झालं.

सकाळपासून पाऊस. थांबायचं नाव नाही, नुसता ओततोय. मावशी छत्री घेऊन दारात आली. ह्या पुनवेपासून आमचा वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने, सुरू होतो, विहारात गर्दी असते, आत्या पांढरी साडी नेसून तयार, आणि मावशीला बाजारात जायचं होतं, सुक्या मासळीची पाटी पावसात भिजायच्या आत हलवायची होती.

"मला उशीर होईल," ती म्हणाली. "आजची फळी तुम्ही दोघी बघा. दगडावर चढून भिंतीवरून बघायचं, पलीकडच्या खांबाला लाल पट्टा हाय, पट्टा बुडला की घालायची. पट्टा दिसला की काढायची. समजलं?"

"समजलं," आत्या म्हणाल्या. "फळी घालायला काय शाळा लागते?"

मावशी गेली. दुपारी पट्टा बुडाला. मी दगडावर चढून बघितलं, नाला भिंतीपलीकडं पोट फुगवून उभा, काळा, आणि वर सरकत होता. आम्ही दोघींनी फळी सरकवली. खाली फटीतून पाणी आत येत होतं, जरासं, बोटाएवढं. मावशी ते तसंच सोडायची. पण आम्ही कुठल्या? आत्यापण आमच्याच मुलखातल्या, त्यांच्या बापाचा पण बांध होता. त्यांनी फट बघितली, मी फट बघितली, आणि आम्ही एकमेकींकडं बघितलं.

"चिकणमाती आहे का गं?"

होती. मागच्या अंगाला चूल घालायला आणून ठेवलेली. मग काय, दोघींनी पदर खोचले. आत्यांनी पांढऱ्या साडीत, मी पोरीला झोळीत टाकून. माती थापली, टाचेनं तुडवली, त्यावर गोणपाट, परत माती, परत टाच. आणि खरं सांगते, कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. हाताला काम ओळखीचं होतं. आत्या तर गाणं म्हणायला लागल्या. थेंब येईना. आत्यांनी हात धुतले, साडीला लागलेला चिखल बघितला, म्हणाल्या, "असू दे, ह्याला कोण नाव ठेवंल," आणि विहारात गेल्या. जाताना वळून बांधाकडं बघितलं. "झकास."

मी आत आले. पोर झोपलेली. पाऊस चालूच.

थोड्या वेळानं उंबऱ्याला पाणी लागलं.

मला वाटलं फळी गळते. पळत गेले, अजून माती थापली, घरातली दळणाची रिकामी गोणी नेऊन कोंबली. परत आले तर पाणी आत. फरशीवर. मग घोट्याला. मी परत पळाले, परत थापलं. पाठ लावून उभी राहिले फळीला, जशी काय मी एकटी समुद्राला धरून ठेवणार होते. आणि पाणी वाढतच होतं. पिंडरीला आलं. बाजूच्या खोलीला कुलूप, ती माणसं गावी गेलेली, मी ओरडले तर पावसात माझा आवाज मलाच ऐकू येईना. भिंत माझ्या डोक्याच्या वर. दगडावर चढून पलीकडं बघायचं मला सुचलं नाही असं नाही, सुचलं, पण मला बघायचं नव्हतं. मला माहीत होतं पलीकडं काय आहे. आख्खा समुद्र आहे, आणि तो आत आलाय, आणि माझी पोरगी झोळीत आहे.

गुडघ्याला पाणी आलं तेव्हा मी फळी सोडली. आत गेले, पाण्यात डबे तरंगत होते, चपात्यांचा डबा दाराला धडकत होता. पोरीला झोळीतून काढलं. ती जागी झाली आणि हसली. तिला वाटलं खेळच चाललाय. मी तिला छातीशी घट्ट धरलं आणि गल्लीत पाय टाकला, विहाराकडं जावं म्हणून, आणि थांबले. मधे गटार आहे, उघडं, आता पाण्याखाली कुठं आहे दिसत नव्हतं. एक पाऊल चुकलं तर दोघी. मी माळ्याच्या शिडीवर चढून बसले, पोरगी कुशीत, खाली पाणी, वर माझी भरलेली बॅग, आणि मी त्या बॅगेला टेकून मोठ्यानं रडायला लागले. आता एक दिवस आधी भाऊ आला असता तर, एवढंच डोक्यात.

"काय गो! कुठं हायस?"

मावशी. दारात, कमरेला पदर गुंडाळलेला, डोक्यावर रिकामी पाटी उलटी घातलेली टोपीसारखी.

"मावशी, फळी फुटली! समुद्र आत आलाय! आम्ही किती माती लावली तरी..."

"माती?" ती म्हणाली. मग वळून भिंतीकडं गेली. मी शिडीवरून बघत होते. ती दगडावर चढली, पलीकडं बघितलं, आणि तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग माझ्याकडं बघून अशी हसली, अशी हसली, की मला वाटलं हिला वेड लागलं.

"अगो बाय, समुद्र कवाच गेला! पट्टा उघडा पडलाय कवाचा! हे पावसाचं पानी हाय, तुज्याच गल्लीचं! ये, बघ!"

"मी नाही येत!"

"ये बोलते ना. पोरीला पन आन, तिला पन दाखव तिच्या आयशीनं काय बांधलंय."

ती पाण्यातून आली, माझ्या हाताला धरून, पायानं चाचपत गटार कुठंय ते दाखवत मला भिंतीपाशी नेलं. पोरगी खांद्याला. मी दगडावर चढले, डोळे मिटून, मग उघडले.

नाला खाली होता. खूप खाली. लाल पट्टा ओला चमकत होता, त्याच्या खाली दगड, दगडाखाली चिखल. पाणी बाहेर खाली आणि आत वर. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. ज्याच्या भीतीनं मी पाठ लावून उभी होते तो समुद्र कधीच आपल्या घरी गेला होता, आणि मी फळीला टेकून गल्लीतला पाऊस अडवून धरला होता, आणि पोरीच्या झोळीखाली तोच चढत आलेला.

"धरण बांधलंस गो," मावशी म्हणाली. "धरण."

आता फळी निघता निघेना. लाकूड फुगलेलं, आतून पाण्याचा रेटा, आणि आमची माती अशी बसलेली की बापानं बघितली असती तर पाठ थोपटली असती. मावशीनं दोरी ओढली, दोरी तुटली. मग ती गल्लीत वर बघून ओरडली, कोळणीचा आवाज, बाजारात कमावलेला, पाऊस-बिऊस काही नाही त्याच्यापुढं. "अहो पांढऱ्या साड्या! तुमची वंदना झाली असेल तर खाली या जरा, तुमच्या सुनेनं धरण बांधलंय!"

आणि त्या आल्या. मला ते दृश्य विसरता येत नाही. विहारातून सगळ्या बायका, पांढऱ्याशुभ्र साड्या गुडघ्यापर्यंत खोचून, एकमेकींचा हात धरून साखळी करून, गटाराच्या कडेकडेनं पाण्यातून खाली येत होत्या. सगळ्यात पुढं आत्या. त्यांनी आधी पोरीला बघितलं, तिच्या तळव्यांना हात लावून बघितलं गरम आहेत का, मग फळीकडं बघितलं, मग मावशीकडं.

"काय झालं?"

"काय नाय. तुम्ही दोघींनी काम लय चांगलं केलं. तेवढंच झालं."

आत्यांना समजायला वेळ लागला नाही. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "वाट लागली. अगं, अडवायचं नव्हतंच की!"

मग सगळ्यांनी हातानं माती उकरली. पाण्यात वाकून, नखांनी, उलथण्यानं, मावशीनं मासे कापायचा कोयता घातला. कोणी कोणाला बोललं नाही असं नाही, बोलत तर होत्याच. "मराठवाड्याची माती नाही ना आणली गं सोबत?" "ह्या दोघींना सरकारनं कामाला लावा, दुष्काळ हटेल." पण ते बोलणं टोचत नव्हतं. एकीनं माझ्याकडून पोरीला घेतलं, पाटीत ठेवलं, मावशीच्या सुक्या मासळीच्या पाटीत, आणि डोक्यावर धरून उभी राहिली. पोरगी वरून सगळ्यांकडं बघत होती राणीसारखी.

फळी सुटली तेव्हा आवाज झाला, घशातून घोट उतरतो तसा, पण मोठा. आणि पाणी निघालं. आमच्या पायांना ओढत, चपात्यांचा डबा घेऊन, कोणाची तरी चप्पल घेऊन, भोवरा करत सगळं त्या चौकोनातून खाली. बघता बघता गल्लीची फरशी दिसायला लागली. मला रडू आलं, पण ते वेगळं होतं.

खोलीत चिखल. त्या कोणी घरी गेल्या नाहीत. झाडू घेतले, ओढलं, पुसलं, कोणीतरी कोरडी चादर आणली, कोणीतरी विहारातली खीर पातेल्यासकट आणली. पोरगी ह्या मांडीवरून त्या मांडीवर. तिला खिरीचं बोट कोणी चाटवलं ते अजून कबूल करत नाहीत. मी मधे बसलेले आणि आत्या माझ्या केसांतली माती काढत होत्या, म्हणाल्या, "मीपण होते गं तुझ्यासोबत. एकटीवर घेऊ नको." एवढं त्यांनी मला त्याआधी कधी मऊ बोललेलं आठवत नाही.

नवरा उशिरा आला, रस्त्यांना पाणी होतं. दारात उभा राहिला, पांढऱ्या साड्या सगळ्या तपकिरी झालेल्या, पोरगी मासळीच्या पाटीत झोपलेली. म्हणाला, "हिला वास येतोय बोंबलाचा." आणि खाली बसून तिच्या पायावर डोकं टेकलं.

भाऊ ठरल्याप्रमाणं आला. बॅग तयार होती. मी त्याला म्हटलं, चहा पी, मग तुला एक दाखवते. मावशीसोबत आम्ही नाल्याच्या तोंडापाशी गेलो, ओहोटी होती. कोंबडीचा पाय परत बदललेला. मधलं बोट बुजलेलं, आता डाव्या अंगाला मोठी धार, तिवरांना लागून. मावशी म्हणाली, आता ह्या अंगाच्या गल्ल्यांना संभाळायला पायजे, पानी तिकडून चढंल. ती हे असं बोलत होती जसं शेजारीण सुनेच्या तब्येतीचं बोलते. आणि मला कळलं की मी ऐकतेय. आधी मला फक्त माझी भीती ऐकू यायची. आता मी विचारत होते, डावीकडून चढलं तर आपली फळी आधी घालावी लागंल का? लाल पट्टा मग खाली घ्यायचा का?

भाऊ म्हणाला, "ताई, निघायचं ना?"

मी गेले नाही. त्याला सांगितलं, ही पौर्णिमा झाली, पुढची झाली की बघू. तो जाताना मावशीनं त्याला सुका जवळा बांधून दिला आईसाठी. रागावला होता जरा, पण जवळ्याचा फोन आला दोन दिवसांनी, आई म्हणाली अजून मिळेल का.

का गेले नाही ते मला नीट सांगता येत नाही. भीती तर आहेच. आजपण आहे. पण गावी गेले असते तर त्या भीतीसोबत मी एकटी असते. इथं ती सगळ्यांची आहे, वाटून घेतलेली, आणि पौर्णिमेला माझ्या आधी कोणीतरी आभाळाकडं बघून ठेवलेलं असतं.

नंतर पालिकेच्या एक मॅडम आल्या, इंजिनीअर, लोखंडाची खुणा केलेली काठी घेऊन. त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं की ही सगळी जमीन गाळावर बसलीय, थोडी थोडी दबते, समुद्र थोडा थोडा वर येतोय, आणि मोठा पाऊस नि मोठी भरती एका वेळेला आले की पाण्याला जायला जागाच नसते. मावशीनं त्यांना धार कुठून कुठं गेली ते सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, चिखलात उकिडव्या बसून, आणि आमच्याकडं चहा घेतला. त्यांच्यामुळं आमच्या गल्लीच्या तोंडाला लोखंडी झडप बसली. बाहेरून पाणी ढकलतं तेव्हा आपोआप मिटते, आतून ढकलतं तेव्हा आपोआप उघडते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती देवासारखी वाटली. मावशी म्हणाली, झकास हाय, पन प्लास्टिक अडकलं की ही पन तुमच्यासारखीच धरण बांधंल. म्हणून उधाणाच्या आदल्या दिवशी आम्ही बायका ती साफ करतो, आणि जुनी फळी पण ठेवलीय, तेल लावून. मॅडमना मी मनातल्या मनात दुवा देते. मावशीला तर तोंडावर देते, तिला आवडत नाही, म्हणते दुवा नको, भाकरी दे.

गेल्या दिवाळीत पोरीला घेऊन माहेरी गेले, राहायलाच, थोडे दिवस. ती आता घडाघडा बोलते. माझा बाप तिला बांधावर घेऊन गेला. बांध भरलेला, पाणी निळं, एकदम गप्प. पोरगी काठाला उकिडवी बसली, हनुवटीखाली हात घेऊन. बाप म्हणाला चल, ती हलेना. आम्ही सगळे वाट बघत उभे.

"काय बघतेस गं?" बापानं विचारलं.

"पाणी कधी जाणार?"

"कुठं जाणार?"

"घरी," ती म्हणाली. "त्याच्या."

बाप हसला, म्हणाला अगं जाऊ नये म्हणूनच तर बांधलंय आपण, तुझी आई माती वाहायची इथं टोपलीनं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी फार चुकीचं केलंय. मग परत पाण्याकडं तोंड करून बसली, आणि मी पण तिच्या शेजारी बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मीपण बघतेय, काठावरच्या ओल्या रेषेकडं, ती खाली सरकते का म्हणून.

सांज झाली तरी पाणी गेलं नाही. पोरगी वैतागली. "आपण आपल्या घरी जाऊ," म्हणाली. "इथलं पाणी आळशी आहे."

आम्ही पौर्णिमेच्या आधी परत आलो.